रकाना सात : कडू लागते काय

रकाना १ : नाव

"नाव सांगा, आत्या."

"तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं आहे. पण फॉर्म म्हणतोय, माणसाच्या तोंडनं यायला पाहिजे."

"मग लिही, जयमालाची सासू."

जयमालानं टॅबवर लिहिलं : कलावती यशवंत साळुंखे. कलाबाई दारातल्या कट्ट्यावर वाकळ शिवत बसल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे आणि लेकाच्या फाटक्या शर्टांचे थर एकावर एक, आणि त्यातून खालीवर जाणारा पांढरा दोरा.

जयमाला बोरजाईवाडीची आशा सेविका. अकरा वर्षं झाली. वाडीतली एकशे तीस घरं तिनं सहा दिवसांत तपासून काढली होती आणि हे एकशे एकतिसावं, तिचं स्वतःचं. टॅबवरचा फॉर्म पाच वाजता बंद होणार होता. साडेचार झाले होते.

रकाना २ : वय

आधारकार्डावर अडुसष्ट, कलाबाईंच्या मते एकाहत्तर. "शाळंत घालताना मास्तरनं तीन वर्षं खाल्ली. ती आता कुठनं आणू?"

जयमालानं अडुसष्ट लिहिलं. फॉर्मचा विश्वास मास्तरवर होता.

रकाना ३ : घरात कोणास 'कोंडी' झाली होती काय

होय. पतीस.

कोंडी हे नाव लोकांनी ठेवलेलं. शास्त्रज्ञांचं नाव लांबलचक होतं, ते वाडीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आधी नाक कोंदायचं, मग कपाळ, मग छाती. जंतू जुनेच, पण आता ते कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. यशवंतमामा, म्हणजे जयमालाचे सासरे, नाक कोंदल्याच्या नवव्या दिवशी गेले. दोन वर्षांत वाडीतली एकोणीस माणसं गेली.

आणि काही माणसांना काहीच झालं नाही. त्याच घरात राहून, त्याच ताटलीत जेवून. ती का वाचली याचा माग काढत पुण्यातली काही मंडळी एका जनुकापाशी पोचली. आपल्या सातव्या गुणसूत्रावर ते असतं. नाव मोठं किचकट, शेवटी अडतीस आकडा. म्हणून आशाताईंच्या प्रशिक्षणात त्याला सगळ्या 'अडतीस नंबर' म्हणत.

प्रशिक्षण द्यायला डॉक्टर शबाना मुल्ला आल्या होत्या. राहायला पुण्याला, पण मूळच्या मिरजेकडच्या. फळ्यावर आकृती काढायचा कंटाळा करून त्यांनी विचारलं, "वाकळ शिवलीय कुणी?" सगळे हात वर.

"मग झालं. पेशीभोवती एक पडदा असतो, कापडासारखा. अडतीस नंबरच्या सांगण्यावरून पेशी एक प्रथिन बनवते आणि ते त्या कापडात टाका घातल्यासारखं बसवते. सात वेळा आतबाहेर. बाहेर राहिलेल्या टाक्यात कडू कण अडकला, की दोरा ओढला जातो आणि आतल्या बाजूला हिसका बसतो. पेशीला बाहेरचं काही दिसत नाही. तिला फक्त हिसका कळतो."

जिभेवर हा हिसका म्हणजे कडू चव. सगळाच कडूपणा नव्हे, तर कोबी, मोहरी, मुळा या कुळातला. पण हेच प्रथिन नाकातल्या पेशींवरही असतं, आणि तिथं त्याचं काम वेगळं. जंतू तुटून पडण्याआधी एकमेकांना रसायनांतून हाका मारतात : किती जण जमलोय, निघायचं का. ही कुजबुज नाकातलं प्रथिन ऐकतं. नाकाला जंतू कडू लागतात, असंच म्हणा ना. मग नाकाची पेशी एक जहाल वायू सोडते आणि ते जागीच मरतात.

काही माणसांत मात्र या प्रथिनात तीन ठिकाणी फरक असतो. ते बनतं, पडद्यात बसतंही, पण बहिरं असतं. अशांना मुळ्याचा कडूपणा कळत नाही आणि जंतूंची कुजबुजही ऐकू येत नाही. कोंडी त्यांच्यावर तुटून पडली होती.

उपाय निघाला तो नाकात मारायच्या फवाऱ्याचा. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवर चांगल्या अडतीस नंबरची प्रत. तो नाकातल्या पेशींत ती प्रत पोचवतो, आणि पेशी नवे, ऐकू येणारे टाके घालायला लागतात. पण मात्रा थोड्या आणि माणसं कोट्यवधी. सगळ्यांचं जनुक तपासत बसलं तर दहा वर्षं लागतील. जीभ मात्र प्रत्येकाकडे होती. जिभेवर कागदाची एक पट्टी ठेवायची. कडू लागली तर माणूस मुळातच राखलेला, मात्रा नाही. कडू लागली नाही तर मात्रा.

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत पान सहावर लिहिलं होतं : ज्यांना कडू लागते त्यांना मात्रा देऊ नये. का देऊ नये, ते लिहिलं नव्हतं. मात्रा वाया जाऊ नये म्हणून असेल, असं सगळ्यांनी धरलं.

रकाना ४ : मोबाईल क्रमांक

सुनेचा.

रकाना ५ : तपासणाऱ्याचे नाव, नाते असल्यास नमूद करावे

नियम असा होता की स्वतःच्या घरच्यांची तपासणी दुसऱ्या आशेनं करायची. पलीकडच्या वाडीची आशा दुपारी येणार होती. तिच्याच घरी कुणीतरी आजारी पडलं आणि ती आली नाही.

जयमालानं आधी स्वतःच्या जिभेवर पट्टी ठेवली होती. वहीचं पान चघळल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही. तिला मात्रा मिळणार होती. नवरा धनाजी द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन उडवायचा. तो सकाळी निघताना पट्टी चाटून "जरा कडू हाय" म्हणून गेला होता. त्याला मिळणार नव्हती.

'नाते' या शब्दापुढं तिनं लिहिलं : नाही.

रकाना ६ : पांढरी पट्टी

आधी साधी पट्टी द्यायची, जिला कसलीच चव नसते.

"कशी लागली, आत्या?"

"कागदावानी."

"कागदच आहे तो."

"मग बरोबर हाय की."

रकाना ७ : निळ्या ठिपक्याची पट्टी. कडू लागते काय (होय / नाही)

इथं थोडं मागं जायला लागतं.

जयमाला एकोणिसाव्या वर्षी या घरात आली. आई लहानपणीच गेलेली, स्वयंपाक नुसता बघून शिकलेली. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तिनं चहात साखर समजून मीठ घातलं. पाहुण्यांनी पहिला घोट घेऊन एकमेकांकडं बघितलं. कलाबाईंनी कप तोंडाला लावला, सगळा चहा संपवला, कप पालथा घातला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय. जरा परत टाक सगळ्यांस्नी, माझं मन भरलं न्हाई." आत येऊन त्यांनी साखरेचा डबा हळूच पुढं सरकवून ठेवला. तेवढंच. त्यावर नंतर एक शब्द नाही.

कुणी हातानं काही दिलं तर ते गोड मानून घ्यायचं, हा त्यांचा एकच नियम होता. जेवणाला नाव ठेवलेलं अठरा वर्षांत जयमालानं ऐकलं नव्हतं. करपलेली आमटी चांगली, अळणी भात चांगला. आणि थंडीच्या दिवसांत परसातल्या मुळ्याच्या कोवळ्या पाल्याची जी भाजी जयमाला करायची, जिचा तिला स्वतःला अभिमान होता, ती तर कलाबाई दोनदा वाढून घेत.

तर आता, पाच वाजायला वीस मिनिटं असताना, जयमालानं निळ्या ठिपक्याची पट्टी चिमटीत धरली.

"आत्या, नीट ऐका. खरं सांगायचं. कडू लागलं तर कडू म्हणायचं."

"बरं."

यापुढचं दोन भागांत लिहिलं पाहिजे, कारण ते दोन ठिकाणी घडलं.

तोंड म्हणालं : "न्हाई गं. चांगलं हाय."

चेहऱ्यानं केलं : डाव्या डोळ्याची पापणी मिटली. नाकाच्या शेंड्यावर बारीक सुरकुती आली. गळ्याची घाटी वर गेली, तिथंच थांबली, आणि मग ठरवून खाली आली. हातातली सुई वाकळीत अर्धी रुतून राहिली.

जयमालानं ते बघितलं. एकशे तीस घरांत तिनं कडू लागलेली किती तोंडं बघितली होती. तिला ओळखता आलं नाही असं कुणी म्हणू नये.

पण रकान्यात 'होय' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. चेहऱ्याला रकाना नव्हता. आणि 'होय' म्हणजे कलाबाईंना रिकाम्या हातानं, नुसत्या निसर्गाच्या भरवशावर सोडून द्यायचं. यशवंतमामांचे शेवटचे नऊ दिवस जयमालानं काढले होते. श्वासासाठी त्यांनी गादीची कड मुठीत धरली होती, ती मूठ शेवटी तिनंच सोडवली होती. फवारा हातात असताना कोण निसर्गाच्या भरवशावर राहतं?

तिनं 'नाही'वर बोट ठेवलं.

रकाना ८ : मात्रा दिल्याची तारीख

दुसऱ्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या दारात. सासूसुना एकाच रांगेत. दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा. कलाबाई शिंकल्या, म्हणाल्या, "आयला, नाकातनं घशात उतरलं की."

फॉर्म इथं संपतो. त्याला आठच रकाने होते. पुढचे जयमालानं आखले, मनातल्या मनात, आणि अजून आखतेच आहे.

रकाना ९ : उपास

सोमवार, महादेवाचा.

गुरुवार, दत्ताचा.

शनिवार, मारुतीचा.

चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या.

कलाबाई पूर्वी फक्त आषाढी-कार्तिकीला उपास करायच्या. मात्रा दिल्यावर महिन्याभरात हे बाकीचे एकेक करून येत गेले. म्हातारपणी देवाकडं ओढा वाढतो, धनाजी म्हणाला, आणि कुणालाच त्यात काही वाटलं नाही. मग एका बुधवारी त्यांनी ताट मागं सारलं.

"आज कसला उपास, आत्या?"

"बुधवारचा."

"बुधवार कुठल्या देवाचा?"

"असंल कुणाचा तरी. रिकामा कशाला ठेवील कोण?"

जयमाला हसली. धनाजीही हसला. त्या रात्री भांडी घासताना तिला आठवलं की उपासाचा वरीचा भातही सासूबाईंनी खाल्ला नव्हता. चोळीच्या बाह्या दंडावर सैल झाल्या होत्या.

रकाना १० : पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माठातलं गार पाणी तांब्यात घेतलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"प्या."

"तहान न्हाई."

"माझ्यासाठी एक घोट."

कलाबाईंनी घोट घेतला. डाव्या डोळ्याची पापणी मिटली. नाकाच्या शेंड्यावर बारीक सुरकुती आली. गळ्याची घाटी वर गेली, थांबली, आणि ठरवून खाली आली.

"कसं लागलं?"

"पाण्यावानी."

जयमालानं तांब्या खाली ठेवला आणि डॉक्टर मुल्लांना फोन लावला.

रकाना ११ : दहा दिवस

डॉक्टर मुल्ला गाडी करून आल्या त्या एकट्या जयमालाच्या फोनवरून नाही. बारा तालुक्यांतून तशाच खबरा येत होत्या. त्या कलाबाईंच्या शेजारी कट्ट्यावर बसल्या, त्यांची जीभ पाहिली, नाकातून कापसाचा बोळा फिरवून बाटलीत घातला, रक्त घेतलं. मग जयमालाला परसात बाजूला नेलं.

"ज्यांचे टाके बहिरे होते त्यांना मात्रेनं चांगले टाके मिळाले. पण ज्यांचे मुळात चांगले होते त्यांच्या पेशींवर जुने आणि नवे मिळून फार दाटी झाली. दाटी झाली की हे प्रथिन एकमेकांना घासतं, आणि बाहेर काहीही नसताना दोरा ओढला जातो. दारावर कुणी आलेलं नाही, पण कडी वाजतेय. सारखी. फवारा घशातून जिभेच्या मुळाशी उतरला, तिथंही तेच झालंय. पाणी कडू, थुंकी कडू. झोपेतसुद्धा."

"हे आधी माहीत नव्हतं?"

"शंका होती. म्हणून पान सहावर ते वाक्य टाकलं. कारण लिहिलं असतं तर लोक घाबरून मात्राच घेणार नाहीत असं वरचे म्हणाले, आणि मी ऐकलं."

"मग आता?"

"जिभेच्या पेशी दहाएक दिवसच जगतात. जुन्या झडतात, नव्या येतात. नव्या कोऱ्या आल्या तर चव परत येईल. विषाणू खालच्या मूळ पेशींपर्यंत पोचला असेल तर मात्र नव्याही तशाच येतील. दहा दिवस बघू."

जयमालानं दहा दिवस मोजले. कॅलेंडरवर नाही, तांब्यांवर. रोज सकाळी एक घोट. धनाजी आईसाठी गुळाची ढेप, खडीसाखर, कसलासा इंग्रजी नावाचा मध घेऊन आला. कलाबाईंनी प्रत्येकाची चव घेतली आणि प्रत्येकाला "लई गोड" म्हटलं. दहाव्या दिवशी सकाळी जयमाला उजाडायच्या आत उठली आणि तिनं तांब्या कलाबाईंच्या हातात दिला. गळ्याची घाटी वर गेली आणि थांबली. मग खाली आली.

अकराव्या दिवशी तिनं डॉक्टरांना फोन लावला. "मी बघितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पट्टीच्या दिवशी. त्यांचं तोंड. त्यांना कडू लागलं होतं, आणि मला कळलं होतं. त्या नाही म्हणाल्या. मला त्यांच्यासाठी मात्रा पाहिजे होती."



"आम्ही दोन महिने कागद तपासतोय," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या. "रसायन कमी पडलं का, पट्ट्या शिळ्या होत्या का. साठीपुढच्या बायकांत 'नाही'चं प्रमाण दुपटीनं जास्त, आणि तेही तपासणारी लेकीसुनेच्या वयाची असेल तिथंच. माझी आजी जिवंत असती तर तिनं मला एका मिनिटात सांगितलं असतं. कुणी हातानं दिलेल्याला कडू म्हणतं का? ताई, हे लिहून द्याल?"

जयमालानं लिहून दिलं. सही केली.

रकाना १२ : जबाब

एक दुसरा फवारा तयार होत होता, सारखी वाजणारी कडी गप्प करणारा. तो अजून थोड्याच जणांना देऊन बघायचा होता, आणि चुकून बहिऱ्या टाक्यांच्या माणसाला दिला तर त्याचं मिळालेलं कवच जायचं. रक्ताचे अहवाल दोन महिने मागं पडले होते. म्हणून नियम झाला : मागच्या वेळी दुसऱ्याच्या खुणेवर गेलो, या वेळी रुग्णानं स्वतःच्या तोंडानं, कॅमेऱ्यासमोर सांगायचं.

डॉक्टर मुल्लांबरोबर जिल्ह्याचा एक अधिकारी आला. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आत आला, जयमालाचा कागद काढला आणि तिला समजावून सांगायला लागला. "आजींचा जबाब तुमच्या लिहिण्याशी जुळला की आजी यादीत. पण मग तुम्ही नातं लपवलं आणि खोटी नोंद केली हेही कायम होतं. आशा म्हणून राहता येणार नाही. चौकशीही लागेल. ते माझ्या हातात नाही."

"चालेल," जयमाला म्हणाली.

कलाबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. एव्हाना त्या वाकळीच्याच एका थराएवढ्या उरल्या होत्या. नाकातून घातलेली अन्नाची नळी त्यांनी दोनदा उपसून काढली होती. मांडीवर वाकळ, हातात सुई. कान मात्र शाबूत होते.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

"आजी, जेवताना तोंडाला काय लागतं?"

कलाबाईंनी अधिकाऱ्याकडं बघितलं, मग कागदाकडं, मग जयमालाकडं.

"ही करती ते समदं चांगलंच लागतंय."

"कडू लागत नाही?"

"न्हाई बा."

"आई, खरं सांग की," दारातून धनाजी म्हणाला. अधिकाऱ्यानं त्याला हातानं थांबवलं.

"पाणी?"

"पाणी कसं लागंल? पाण्यावानी."

डॉक्टर मुल्लांनी स्वतः फुलपात्र भरून दिलं. कलाबाईंनी ते दोन्ही हातांत धरलं आणि एका दमात रिकामं केलं. या वेळी पापणी मिटली नाही. सुरकुती आली नाही. सगळं अंग जागच्या जागी गच्च धरून त्यांनी ते पाणी पोटात घातलं, फुलपात्र पालथं घातलं, आणि म्हणाल्या, "गोड हाय."

लाल दिवा विझला.

पंधरा दिवसांनी डॉक्टर पुन्हा आल्या, आणि आठवड्यानं पुन्हा. तीनदा विचारलं, तीनदा गोड. कागदावर शेरा आला : आशाताईंचे म्हणणे रुग्णाच्या जबाबाशी जुळत नाही. सबब कार्यवाही नाही.

त्या तिसऱ्या खेपेला सगळे गेल्यावर जयमाला पलंगाशी खाली बसली.

"का, आत्या?"

"तुझं काम गेलं असतं. नाव खोटं पडलं असतं."

"पडू दे."

"मी कडू म्हणायची, आनी तू खोटी पडायची. हे कसं व्हईल?"

"आता कॅमेरा नाही. कुणी नाही. माझी शपथ. मला एकटीला म्हणा, कडू लागतंय म्हणून. एकदाच म्हणा. मग मी पुन्हा नाही विचारणार."

कलाबाईंचे ओठ हलले. जयमाला वाट बघत राहिली.

"सुई ओवून दे," त्या म्हणाल्या. "मला दिसंना झालंय."

जयमालानं दोऱ्याचं टोक दातानं ओलं केलं आणि सुई ओवून दिली.

रकाना १३ : कडू घास

भाद्रपदात, दुपारी, कलाबाई गेल्या. वाकळीचे तीन बाजूंचे टाके झाले होते, चौथी कड उघडी राहिली.

माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. भावकीतल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना दोन घास खायला घालतात. त्याला कडू घास म्हणतात. विमलमावशी, कलाबाईंची धाकटी बहीण, शेजारच्या गावाहून टोपली घेऊन आल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून जयमालाच्या तोंडाशी धरला.

"घे पोरी. हा गिळायलाच लागतो."

जयमालानं गिळला. पिठलं चांगलं होतं. मीठ, लसूण, सगळं जिथल्या तिथं. इतकं चांगलं की तिला लाज वाटली.

"लहानपणी लई नखरे हुते हिचे खायाचे," मावशी डोळे पुसत सांगत होत्या. "आमची आई मारायची म्हून. मोहरीची भाजी शिवायची न्हाई. मुळ्याचा पाला तर परड्यात शिजला तरी ही गोठ्यात जाऊन बसायची. इख हाय म्हणायची, इख. सासरी गेली आनी कुठं गेलं ते समदं, कुणास ठावं."

जयमालानं हातातली भाकरी खाली ठेवली. "मुळ्याचा?"

"व्हय की. का गं?"

"काही नाही."

अकराव्या दिवशी टॅबवर रक्ताचा अहवाल आला. कलावती यशवंत साळुंखे, वय अडुसष्ट. नैसर्गिक जनुक : दोन्ही प्रती कार्यक्षम. तेराव्याला गोडाचं जेवण झालं.

शेरा

नवा फॉर्म आला आहे. त्यात डॉक्टर मुल्लांनी भांडून एक रकाना वाढवून घेतला : चेहऱ्यावर काय दिसले. जयमाला अजूनही आशा आहे. ती आता कुणाला काही विचारत नाही. पट्टी ठेवते आणि तोंडाकडं बघत बसते.

मार्गशीर्षात परसातला मुळा हातभर झाला. बी कलाबाईंनीच मागच्या साली राखून चिंधीत बांधून ठेवलं होतं. जयमालानं कोवळा पाला खुडला, धुतला, बारीक चिरला. तेलात लसूण, हिरवी मिरची, मूठभर मुगाची डाळ. अठरा हिवाळे केली तशीच.

धनाजी जेवायला बसला. तिनं दोघांची ताटं वाढली आणि पहिला घास घेतला.

तिला वाटलं, काहीतरी चुकलं. तेल खवट असेल, पाला किडलेला असेल. जिभेच्या मुळाशी एक जहरी धार उमटली आणि घशाकडं सरकली. असली चव तिच्या तोंडानं जन्मात घेतली नव्हती. ती धनाजीकडं बघत राहिली. तो निवांत जेवत होता.

"भाजी कशी झालीय?" तिनं विचारलं.

"नेहमीसारखीच." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "का?"

मग तिला कळलं. तिच्या नाकात मारलेला फवाराही घशात उतरला होता. तिच्या जिभेवरही आता टाके होते, ऐकू येणारे, आणि त्यांनी पहिल्यांदाच तिला तिची स्वतःची भाजी सांगितली होती. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा. अशी अठरा वर्षं.

"तुला कशी लागली?" धनाजीनं विचारलं.

तिच्या डाव्या डोळ्याची पापणी मिटली. घाटी वर गेली, तिथंच थांबली. तिनं ती खाली आणली.

"चांगली झालीय," जयमाला म्हणाली, आणि कढई पुढं ओढून तिनं आपल्या ताटात अजून एकदा वाढून घेतली.